क्लोन केल्याकेल्या फाइल ‘मॉडिफाइड’ दिसते? हमखास फेल होणारी टेस्ट अशी लिहा

गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरून रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास, नुकताच क्लोन केलाय, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घेतलाय, एकाही फाइलला हात लावलेला नाही, आणि तरी गिट स्टेटस दोन-तीन फाइली मॉडिफाइड दाखवतंय. चेकआउट करून त्या जुन्या रूपात आणायचा प्रयत्न केला तरी त्या तशाच राहतात. स्टॅश केल्या तरी परत येतात. हार्ड रीसेट मारला की कधी गायब होतात, कधी होत नाहीत. शेजारच्या मशीनवर तोच रेपो एकदम स्वच्छ असतो. पुन्हा क्लोन करून पाहिलं तर या वेळी वेगळ्याच फाइली मॉडिफाइड असतात.

हा प्रश्न गिट वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीममध्ये कधी ना कधी येतो. कोणीतरी बग रिपोर्ट लिहितं, ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं उत्तर येतं, विषय तिथेच मिटतो. काही दिवसांनी दुसरं कोणीतरी तेच घेऊन येतं. माझं ठाम मत आहे की अशा वेळी रिपोर्टमध्ये वर्णन वाढवत बसण्यापेक्षा एक छोटी टेस्ट लिहावी, जी कुणाच्याही मशीनवर, कितीही वेळा चालवली तरी त्याच जागी फेल होईल. अशी टेस्ट हातात आली की बग गिटमध्ये आहे, रेपोत आहे की आपल्या अपेक्षेत आहे हे तासाभरात कळतं. ती येईपर्यंत सगळे नुसते अंदाज. खाली हेच एक उदाहरण धरून पुढे जातो, कारण टेस्ट लिहिताना जिथे जिथे पाय अडकतो त्या बहुतेक जागा यात येतात.

आधी आहे ती अवस्था टिपून ठेवा

गिट स्टेटस ही नुसती बघायची कमांड वाटते, पण ती इंडेक्समध्ये (प्रत्येक फाइलच्या स्थितीची गिटची नोंदवही) लिहितेसुद्धा. फाइलची वेळ बदललेली असेल आणि मजकूर तोच निघाला, तर नवी वेळ इंडेक्समध्ये नोंदवून ती मोकळी होते. म्हणजे तुम्ही तपासायला म्हणून चालवलेल्या कमांडनेच तपासायची गोष्ट बदलते. हे टाळायला गिटला ‘नो ऑप्शनल लॉक्स’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे अशा ऐच्छिक नोंदी होत नाहीत.

फोल्डर कॉपी करून बाजूला ठेवणं हाही इथे भरवशाचा उपाय नाही. कॉपी करताना वेळा जपल्या तरी प्रत्येक फाइलचा आयनोड (फाइल सिस्टिममधला तिचा क्रमांक) आणि सीटाइम (तिच्या माहितीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) नवा होतो, आणि इंडेक्समधल्या नोंदी या दोन्हींशीही ताडून बघितल्या जातात. कॉपीत बग दिसला नाही म्हणून मूळ रेपोतला बग खोटा ठरत नाही.

म्हणून काहीही हलवण्याआधी दोन आउटपुट फाइलींत साठवून घ्या. गिट एलएस-फाइल्स ‘डीबग’ पर्यायाने चालवलं की प्रत्येक फाइलची इंडेक्समध्ये नोंदलेली वेळ, आयनोड आणि आकार मिळतो. तीच कमांड ‘ईओएल’ पर्यायाने चालवली की प्रत्येक फाइलसमोर तीन गोष्टी येतात: इंडेक्समध्ये ओळीचा शेवट कसा आहे, डिस्कवर कसा आहे, आणि त्या फाइलला कोणतं अॅट्रिब्यूट लागू आहे. आपल्या उदाहरणात नेमकी इथेच गोम सापडते. त्रास देणाऱ्या प्रत्येक फाइलसमोर इंडेक्स ‘सीआरएलएफ’, डिस्क ‘सीआरएलएफ’ आणि अॅट्रिब्यूट ‘टेक्स्ट’ असं दिसतं. रेपोत विंडोज पद्धतीचे, म्हणजे सीआरएलएफ, ओळशेवट साठवलेले आहेत, आणि गिटअॅट्रिब्यूट्स फाइल म्हणतेय की ही टेक्स्ट फाइल आहे, रेपोत तिचे शेवट एलएफच, म्हणजे युनिक्स पद्धतीचे, असले पाहिजेत. (कोणत्या फाइलला कसं वागवायचं हे या गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं.)

कॉन्फिगची यादी ‘शो ओरिजिन’ लावून काढा, म्हणजे कोणती सेटिंग कुठल्या फाइलमधून आली ते कळेल. गिट २.२७ पासून गिट बगरिपोर्ट नावाची कमांडही आहे. ती आवृत्ती, सिस्टिम वगैरे माहिती गोळा करते आणि ‘काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं’ हे विचारणारा साचा पुढे ठेवते. त्यातला ‘काय व्हायला हवं होतं’ हा प्रश्न मनापासून सोडवा. टेस्टमधली एकुलती एक तपासणी त्याच उत्तरातून निघते. इथे ते उत्तर असं: फाइलीचा मजकूर बदललेला नसेल तर स्टेटस रिकामं यायला हवं.

रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात

तुमचा खरा रेपो टेस्टमध्ये आणू नका. तो मोठा असतो, बहुधा खाजगी असतो, आणि त्यातल्या हजार गोष्टींपैकी कोणती कारणीभूत आहे हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो. तात्पुरतं फोल्डर बनवा, त्यात गिट इनिट करा, आणि बग दाखवायला लागतील तेवढेच कमिट (इतिहासात नोंदवलेले बदल) घाला. बहुतेक वेळा एक किंवा दोन कमिट पुरतात.

तुमच्या मशीनवरच्या सवयी या फोल्डरमध्ये शिरू नयेत याची काळजी मात्र घ्यावी लागते. होम व्हेरिएबल त्या तात्पुरत्या फोल्डरकडे वळवा, सिस्टिम कॉन्फिग वाचू नये म्हणून गिट_कॉन्फिग_नोसिस्टिम १ करा, आणि भाषेसाठी एलसी_ऑल सी ठेवा, म्हणजे गिटचे संदेश कुणाच्या मशीनवर भाषांतरित होऊन येणार नाहीत. इनिट टेम्प्लेट, हुक्सचा जागतिक पाथ, कमिटवर सही करण्याची सेटिंग, एफएसमॉनिटर (फाइलींतले बदल टिपणारी सोय), मर्जची स्टाइल, रेरेरे (कॉन्फ्लिक्टची जुनी उत्तरं पुन्हा लावणारी सोय) हे नेहमीचे संशयित यातून बाहेर पडतात. ओळशेवटांच्या बगमध्ये सिस्टिम कॉन्फिग विशेष महत्त्वाचं, कारण विंडोजवर गिट इन्स्टॉल करताना ऑटोसीआरएलएफ (ओळशेवटांचं आपोआप रूपांतर) चालू करणारा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि ती सेटिंग सिस्टिम पातळीवर बसते. ती आहे हे वापरणाऱ्याला बरेचदा माहीतही नसतं. टेस्टमध्ये ऑटोसीआरएलएफ स्पष्टपणे फॉल्स करून टाका. डीफॉल्ट काहीही असलं तरी मग फरक पडत नाही. पहिल्या ब्रांचचं नावही इनिट करतानाच द्या. गिट २.२८ पासून ते कॉन्फिगने बदलता येतं, त्यामुळे ‘मास्टर’ किंवा ‘मेन’ गृहीत धरलेली टेस्ट दुसऱ्याच्या मशीनवर भलत्याच कारणाने आपटते.

गिटच्या स्वतःच्या टेस्ट सूटमध्ये (टेस्टच्या संचात) यातलं बरंचसं आयतं मिळतं. सोर्समध्ये ‘टी’ नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या नावात टी आणि चार आकडे असतात, आणि पहिला आकडा विषय सांगतो: ० म्हणजे अगदी मूलभूत गोष्टी, ४ म्हणजे डिफ, ५ म्हणजे पुल आणि एक्स्पोर्टकडच्या कमांड, ७ म्हणजे वर्किंग ट्रीवर चालणाऱ्या रोजच्या कमांड. स्क्रिप्टच्या सुरुवातीला टेस्ट-लिब जोडली की ती वातावरण साफ करते, टाइमझोन यूटीसी करते आणि प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःचं ‘ट्रॅश डिरेक्टरी’ देते. त्या फोल्डरच्या नावात मुद्दाम एक स्पेस ठेवलेली आहे, म्हणजे कोणी पाथभोवती अवतरण चिन्ह विसरलं की टेस्ट तिथल्या तिथे बोंब मारते. तारखांसाठी टेस्ट_टिक आहे. ते पहिल्यांदा ७ एप्रिल २००५, १५ वाजून १३ मिनिटं १३ सेकंद (यूटीसीच्या सात तास मागच्या टाइमझोनमधली) ही वेळ लावतं आणि पुढे दर वेळी ६० सेकंद वाढवतं. हा गिटच्या पहिल्यावहिल्या कमिटचा क्षण आहे. तारखा ठरलेल्या असल्यामुळे प्रत्येक रनमध्ये कमिटचे आयडी तेच येतात. तरीही टेस्टमध्ये आयडी हाताने लिहू नका, कारण आयडी काढण्याच्या शा-१ आणि शा-२५६ अशा दोन्ही पद्धतींनी सूट चालवला जातो.

पहिला प्रयत्न, आणि तो बेभरवशाचा का निघतो

आता टेस्ट. एक टेक्स्ट फाइल बनवायची, जिच्या ओळी सीआरएलएफने संपतात. त्यासाठी प्रिंटएफ वापरा. एको वेगवेगळ्या शेलमध्ये वेगळं वागतं आणि एडिटर ओळशेवट परस्पर बदलू शकतो. ती फाइल अॅड करून कमिट करायची. मग गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये ‘सगळ्या टीएक्सटी फाइली टेक्स्ट’ अशी ओळ लिहायची आणि तीही कमिट करायची. शेवटी स्टेटस बघायचं. ते रिकामं यावं ही अपेक्षा, आणि बगमुळे ते येऊ नये.

स्टेटस पोर्सलेन पर्यायाने चालवा, कारण ते आउटपुट स्क्रिप्टसाठी स्थिर ठेवलेलं आहे. ते ‘अॅक्च्युअल’ नावाच्या फाइलमध्ये घ्यायचं आणि ‘एक्स्पेक्ट’ नावाच्या रिकाम्या फाइलशी टेस्ट_सीएमपीने ताडायचं. इथे एक सापळा आहे. या दोन्ही फाइली त्याच फोल्डरमध्ये बनतात आणि स्टेटसमध्ये अनट्रॅक्ड म्हणून उमटतात. टेस्ट फेल होते, तुम्ही खूश होता, आणि ती फेल झालेली असते स्वतःच्याच आउटपुट फाइलीमुळे. अनट्रॅक्ड फाइली दाखवू नको असं स्टेटसला सांगा, किंवा आउटपुट रेपोबाहेर लिहा.

हे दुरुस्त करून टेस्ट चालवली की ती तुमच्या मशीनवर दर वेळी फेल होते. ती पाठवली, आणि समोरच्याकडे पास झाली. कमांड तशाच आहेत, गिटची आवृत्तीही तीच आहे. मग फरक कशात?

फरक वेळेत आहे. प्रत्येक स्टेटसला प्रत्येक फाइल उघडून वाचणं परवडत नाही, म्हणून गिट इंडेक्समधली आकार-वेळ-आयनोडची नोंद आणि डिस्कवरची स्थिती ताडून बघतं. जुळली तर फाइल बदललेली नाही असं धरून पुढे जातं, मजकूर वाचत नाही. पण यात एक फट राहते. इंडेक्स लिहिला त्याच सेकंदात कोणी फाइल बदलली आणि आकार तोच राहिला, तर वेळ बघून काहीच कळणार नाही. ती फट बुजवण्यासाठी नियम असा आहे: फाइलची वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा त्यानंतरची असेल तर नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, मजकूर प्रत्यक्ष ताडायचा. गिट बिल्ड करताना नॅनोसेकंदांची सोय वेगळी चालू केलेली नसेल तर ही तुलना सेकंदांत होते.

आता वरची टेस्ट पुन्हा बघा. तुमच्या मशीनवर फाइल लिहिणं आणि अॅड करणं एकाच सेकंदात उरकतं. नोंद संशयास्पद ठरते, गिट मजकूर वाचतं, टेक्स्ट अॅट्रिब्यूटप्रमाणे सीआरएलएफचं एलएफ करून हॅश (मजकुराचा ठसा) काढतं, तो इंडेक्समधल्या हॅशशी जुळत नाही, आणि फाइल मॉडिफाइड ठरते. समोरच्याच्या मशीनवर मध्ये सेकंद पलटला असेल तर नोंद विश्वासार्ह ठरते, मजकूर वाचलाच जात नाही, स्टेटस स्वच्छ येतं. क्लोनमध्येही हेच घडतं. मोठा रेपो डिस्कवर उतरायला काही सेकंद लागतात, इंडेक्स शेवटी लिहिला जातो, आणि त्या शेवटच्या सेकंदात उतरलेल्या फाइलींचाच मजकूर तपासला जातो. दर क्लोनला वेगळ्या फाइली मॉडिफाइड दिसण्याचं कारण हे.

अशा वेळी टेस्टमध्ये स्लीप घालण्याचा मोह होतो. घालू नका. स्लीपने टेस्ट हळू होते, आणि लोड असलेल्या मशीनवर अनिश्चितता तशीच राहते. वेळ आपणच ठरवून द्यायची. फाइल लिहिल्यावर टच वापरून तिची वेळ कित्येक वर्षं मागे न्या, मग अॅड आणि कमिट करा. नोंद आता नक्की विश्वासार्ह आहे. अॅट्रिब्यूट्सचं कमिट झाल्यावर स्टेटस काढा: ते रिकामं येईल, प्रत्येक मशीनवर. आता टचने फाइलची वेळ एका मिनिटाने पुढे सरकवा, मजकुराला हात न लावता, आणि पुन्हा स्टेटस काढा. आता फाइल मॉडिफाइड दिसेल, हीसुद्धा प्रत्येक मशीनवर. टचचा टी पर्याय वापरा, तो पॉसिक्स या युनिक्स मानकात आहे. मोकळ्या शब्दांत तारीख घेणारं रूप सगळीकडे चालत नाही. गिटच्या सूटमध्ये याच कामासाठी टेस्ट-टूलचं सीएचएमटाइम आहे, तिथे तेच वापरायची पद्धत आहे.

मोजक्या कमांडची ही टेस्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात ‘कधी कधी’ हा शब्दच उरलेला नाही. पहिलं स्टेटस स्वच्छ, दुसरं अस्वच्छ, मध्ये फक्त एक टच. कारण त्या दोन ओळींच्या मध्ये कोंडलेलं आहे.

मग एकेक गोष्ट काढून पाहा. दुसरं कमिट काढलं, गिटअॅट्रिब्यूट्स नुसती डिस्कवर ठेवली, तरी फेल होते का? होते. म्हणजे ते कमिट लागत नाही. ‘टेक्स्ट’च्या जागी ‘टेक्स्ट इज ऑटो’ लिहिलं तर? टेस्ट पास होते, कारण ऑटो असताना आधीच सीआरएलएफने कमिट झालेल्या फाइलचं रूपांतर गिट करत नाही. बग रिपोर्ट लिहिणारे बरेचदा आठवणीतून ‘आम्ही ऑटो लावलंय’ असं सांगतात आणि फाइलमध्ये खाली कुठेतरी विशिष्ट एक्स्टेंशनसाठी नुसतं ‘टेक्स्ट’ लिहिलेलं असतं. त्या एका शब्दापायी रिपोर्ट वर्षानुवर्षं ‘रिप्रोड्यूस होत नाही’ या शेऱ्याखाली पडून राहू शकतो.

इतकं केल्यावर निकाल समोर येतो. गिट इथे सांगितल्याप्रमाणेच वागतंय. रेपोतला मजकूर आणि अॅट्रिब्यूट यांचं एकमेकांशी पटत नाही, दोष तिथे आहे. उपाय म्हणजे गिट अॅड रीनॉर्मलाइझ पर्यायासह एकदा सगळ्या रेपोवर चालवायचं आणि ते कमिट करायचं. हा पर्याय गिट २.१६ पासून आहे. टेस्टमध्ये टचच्या आधी ही एक ओळ आणि तिचं कमिट घातलं की टेस्ट पास होते, आणि उपाय बरोबर असल्याचं तिथेच सिद्ध होतं. उघड्या ब्रांच असतील तर मात्र आधी टीमशी बोलून घ्या, कारण या कमिटमध्ये त्या फाइलींची प्रत्येक ओळ बदलते आणि मर्जला कॉन्फ्लिक्ट येतात.

फेल होतेय, पण योग्य कारणासाठी का?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. गिटच्या सूटमध्ये टेस्ट_एक्सपेक्ट_फेल्युअर आहे. अजून दुरुस्त न झालेला बग नोंदवण्यासाठी ते वापरतात. आतलं काही फेल झालं की सूट त्याला ‘नोन ब्रेकेज’ म्हणतो आणि पुढे जातो. अडचण अशी की आत कमांडचं नाव चुकलेलं असलं, फाइलच नसली, सेटअपच कोलमडला, तरी त्याला तेच ‘नोन ब्रेकेज’ वाटतं. बगशी काही संबंध नसलेली टेस्ट अशी वर्षानुवर्षं तिथे पडून राहू शकते.

म्हणून आधी टेस्ट_एक्सपेक्ट_सक्सेसनेच लिहा. व्हर्बोज, ट्रेस आणि इमिजिएट हे पर्याय लावून चालवा. ट्रेसमुळे प्रत्येक कमांड दिसते, आणि इमिजिएटमुळे पहिल्या अपयशाला सूट थांबतो व ट्रॅश डिरेक्टरी तशीच राहते, तिच्यात जाऊन बघता येतं. ज्या ओळीवर फेल व्हायला हवी त्याच ओळीवर, आणि तुमच्या मूळ तक्रारीतल्याच आउटपुटने फेल होतेय हे डोळ्यांनी पाहा. मगच फेल्युअर करा. आणि सेटअप वेगळ्या सक्सेस टेस्टमध्ये ठेवा, म्हणजे तो मोडला तर लपणार नाही.

पाइपबद्दलही तेच. गिट लॉगचं आउटपुट थेट ग्रेपला पाइप केलं की शेल फक्त ग्रेपचा एक्झिट कोड बघतं. गिट स्वतः क्रॅश झालं तरी कळत नाही. आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, मग ग्रेप करा. टेस्टमधल्या सगळ्या कमांड दुहेरी अँडने जोडा. एक जोड सुटली तर त्याआधीचं अपयश गिळलं जातं. सूटमध्ये सुटलेली जोड पकडणारं लिंट आहे, पण स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये ते तुम्हालाच पाहावं लागतं.

एखादी कमांड फेल व्हायलाच हवी असेल तर तिच्यासमोर नुसतं उद्गारचिन्ह लावू नका. उद्गारचिन्हाला सेगफॉल्टसुद्धा (मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम कोसळणं) ‘फेल झाली’ म्हणून चालतो. टेस्ट_मस्ट_फेल वापरलं की गिटने नीट नकार दिला की ते सिग्नल खाऊन मेलं यातला फरक राखला जातो. गिटसाठीच ते वापरा, ग्रेपसारख्या बाहेरच्या कमांडसाठी उद्गारचिन्ह ठीक.

बग खरोखरच समांतर प्रक्रियांच्या शर्यतीतून येत असेल, दोन प्रोसेस एकाच लॉकसाठी भांडत असतील, तर वेळ टचने ठरवून भागणार नाही. तिथे स्क्रिप्ट स्ट्रेस पर्यायाने चालवा. ती एकाच वेळी अनेक प्रती पुन्हा पुन्हा चालवते आणि एखादी फेल झाली की थांबते.

फाइल सिस्टिमचा फरक: आपला ‘ऱ’

काही बग एका विशिष्ट फाइल सिस्टिमवरच दिसतात, आणि तिथे टेस्टने ते उघडपणे सांगायला हवं. देवनागरी नावांच्या फाइली ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. ‘दुसऱ्या’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, यू+०९३१ हे एकच अक्षर. दोन, यू+०९३० म्हणजे र, आणि त्यामागे यू+०९३सी म्हणजे नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिलं तीन बाइटचं, दुसरं सहा बाइटचं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नाव म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे ‘दुसऱ्या’ नावाच्या दोन वेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात. मॅकची फाइल सिस्टिम अशी समतुल्य रूपं एकच नाव मानते. अशा रेपोचा क्लोन दोन मशीनवर सारखा उतरेल अशी अपेक्षाच धरता येत नाही. मॅकवरच्या गिटमध्ये यासाठी कोअर.प्रीकंपोजयुनिकोड ही सेटिंग आहे.

कोणतं रूप रेपोत आहे ते बघायला गिटची एक सवय कामी येते. कोअर.कोटपाथ बंद केलेलं नसेल तर गिट देवनागरी नावं अष्टमान आकड्यांत छापतं, ज्याला आपण एरवी वैतागतो. त्या आकड्यांत ३४० २४४ २६१ दिसलं तर एकसंध ऱ आहे. ३४० २४४ २६० आणि त्यामागे ३४० २४४ २७४ दिसलं तर र आणि नुक्ता वेगळे आहेत. टेस्टमध्ये असं नाव कीबोर्डवरून टाइप करू नका. प्रिंटएफला हेच अष्टमान आकडे देऊन बनवा, म्हणजे एडिटर किंवा इनपुट पद्धत मध्ये ढवळाढवळ करणार नाही.

आणि टेस्टला पूर्वअट लावा. गिटच्या सूटमध्ये केस न मानणाऱ्या फाइल सिस्टिमसाठी, सिमलिंकसाठी, नावांचं युनिकोड रूप बदलणाऱ्या फाइल सिस्टिमसाठी अशा अटी तयार आहेत. अट पूर्ण होत नसेल तर टेस्ट ‘वगळली’ असं सांगते. खोटा पास आणि खोटा फेल दोन्ही टळतात.

बग कधी शिरला

टेस्ट भरवशाची झाली आणि एखाद्या जुन्या आवृत्तीत ती पास होते असं कळलं, की गिट बायसेक्ट रन तिला घेऊन, इतिहास निम्मा-निम्मा करत, दोषी कमिटपर्यंत स्वतःच जातं. स्क्रिप्टने ० परत दिलं तर ते कमिट चांगलं, १ ते १२७ मधलं काही दिलं तर वाईट, १२५ दिलं तर वगळायचं, आणि १२८ किंवा त्यापुढे दिलं तर बायसेक्ट थांबतं. बिल्डच न होणाऱ्या कमिटसाठी १२५ द्या, नाहीतर ते कमिट बगचं खापर स्वतःवर घेऊन बसेल. टेस्टची स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा. आत कमिट केलेली असेल तर जुन्या कमिटवर गेल्यावर ती नाहीशी होते, शेलला कमांड सापडत नाही, तो १२७ देतो, आणि चांगली कमिटही वाईट ठरायची भीती असते. बिल्ड केलेलं गिट इन्स्टॉल करायची गरज नाही. सोर्समधल्या बिन-रॅपर्स फोल्डरमधलं गिट थेट चालवता येतं.

मर्क्युरिअल आणि सबव्हर्जनवाल्यांसाठी

ही दोन्ही गिटसारखीच साधनं. मर्क्युरिअलमध्ये टेस्ट म्हणजे टी एक्स्टेंशनची एक साधी फाइल. दोन स्पेस, डॉलर, कमांड, आणि खाली अपेक्षित आउटपुट. रन-टेस्ट्सची स्क्रिप्ट प्रत्यक्ष आउटपुटशी तुलना करून फरक दाखवते. इंटरअॅक्टिव्ह पर्यायात नवं आउटपुट स्वीकारायचं का असं ती विचारते, तिथे सावध राहा. बग असलेलं आउटपुट स्वीकारलं की टेस्ट पास व्हायला लागते आणि बगच अपेक्षित म्हणून नोंदला जातो. दर रनला बदलणारे पाथ असतील तर त्या ओळीला ग्लोबची (‘या जागी काहीही चालेल’ अशी) खूण लावा, पण पूर्ण ओळ ग्लोबने झाकू नका. सबव्हर्जनच्या कमांडलाइन टेस्ट पायथॉनमध्ये आहेत. तिथे एक्सफेल डेकोरेटर लावतात आणि सोबत इश्यूचा नंबर देता येतो.

पाठवताना

टेस्टसोबत तीन-चार ओळी पुरतात: ती कुठल्या ओळीवर फेल होते, त्या जागी काय यायला हवं होतं, आणि कोणत्या आवृत्त्यांवर तुम्ही ती चालवून पाहिली. दुरुस्तीही तुम्हीच देत असाल तर टेस्ट आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये ठेवा, आणि पाठवण्याआधी दुरुस्ती तेवढी मागे घेऊन टेस्ट खरंच फेल होते का ते पाहा. दुरुस्ती दुसरं कोणी करणार असेल तर टेस्ट_एक्सपेक्ट_फेल्युअर म्हणून पाठवा. बग गेला की सूट त्या टेस्टसमोर ‘नोन ब्रेकेज व्हॅनिश्ड’ असं छापेल. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने त्याच कमिटमध्ये फेल्युअरचं सक्सेस करायचं, म्हणजे तो बग पुन्हा शिरला तर सूट तिथेच लाल होईल.